दर चौथा ठोका

मशीनबाईला खऱ्या नावानं हाक मारली तर ती वळून बघत नाही. त्यात शिष्टपणा नाही, बिचारीच्या लक्षातच येत नाही. तीस वर्षं ती शिलाई मशीनं दुरुस्त करतेय, तीस वर्षं सगळे तिला मशीनबाई म्हणतायत, आता तर नवराही तेच म्हणतो. दुकान एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली. दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला बाहेर पायरीवर थांबावं लागतं, आणि आत आलेला उंच असला तर त्याच्या कपाळाला जिना लागतो. हे ती आधी सांगत नाही, लागल्यावर सांगते.

कामाची तिची रीत ठरलेली. मशीन आलं की आधी उघडायचं नाही, ऐकायचं. स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगाला टेकवायचं, लाकडी मूठ आपल्या कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि चाक फिरवायचं. लांबची गिऱ्हाइकं फोन करून फोनच मशीनजवळ धरतात आणि ही इकडून सांगते, शटलमध्ये दोरा अडकलाय, चिमट्यानं काढा, मला उगाच यायला लावू नका. धंदा बुडवायचे धंदे, असं नवरा म्हणतो. तो बसचा ड्रायव्हर होता, आता निवृत्त झालाय. त्याच्या बसमध्ये ही बसली की दोन थांब्यांत ब्रेकचं दुखणं सांगायची आणि तो म्हणायचा, घरी तुझं सगळं ऐकीन, इथे माणसं बसली आहेत.

अशा या बाईला मशीनाखेरीज दुसरा एकच नाद होता, तो म्हणजे लंबू.

लंबू गाणी लिहायचा, चाली लावायचा, गिटार वाजवायचा आणि गायचा, सगळं एकहाती. ताडमाड उंच, म्हणून चाहत्यांनी त्याचं नाव लंबू पाडलं. चाळीस वर्षं तो रेडिओवर होता, लग्नांत होता, न्हाव्याच्या दुकानात होता, दवाखान्याच्या बाकावर कुणाच्या तरी फोनमध्ये होता. गेल्या महिन्यात तो गेला. चौसष्ट वर्षांचा होता, हृदय बंद पडलं. बातमी आली तेव्हा मशीनबाईच्या हातात एका शिंप्याचं उघडलेलं मशीन होतं. तिनं ते तसंच बंद केलं आणि तीन स्क्रू टेबलावरच राहिले. असं तिच्या हातून जन्मात झालं नव्हतं. शिंपी दुसऱ्या दिवशी भांडायला आला, तिचा चेहरा बघितला आणि उलट तिलाच चहा पाजून गेला.

लंबूच्या चाहत्यांचं एक मंडळ आहे. मंडळ म्हटलं की मोठं काहीतरी वाटतं, पण माणसं मोजून अकरा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी न्हाव्याच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत जमायचं, गाणी ऐकायची आणि भांडायचं. अध्यक्ष एक निवृत्त शिक्षक, त्यांना सगळे गुरुजी म्हणतात. गुरुजींचा नियम एकच होता, पण कडक: लंबूच्या घरी कोणी जायचं नाही. माणूस गाणी देतो तेवढं पुरे, त्याच्या घराची बेल वाजवायची नाही. वीस वर्षं सगळ्यांनी नियम पाळला, हे कबूल केलं पाहिजे.

आणि भांडण कशावरून? तर एका आवाजावरून. लंबूचं सगळ्यांत लाडकं गाणं ‘मी थांबतो’. चाळीस वर्षांपूर्वीचं, पहिल्या कॅसेटमधलं. तू ये सावकाश, मी पुढच्या कोपऱ्यावर थांबतो, असं काहीसं त्यात आहे. निम्म्या लोकांनी लग्नाआधी ते एकमेकांना म्हणून दाखवलेलं. तर त्या गाण्याच्या तळाशी, गिटारच्याही खाली, एक आवाज आहे. टक टक टक, आणि चौथा टक जरा उशिरा. पुन्हा टक टक टक, पुन्हा चौथा मागे राहिलेला. ढोलक नाही, टाळी नाही, कुठलं वाद्यच नाही. मग आहे काय?

पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारा एक सभासद म्हणायचा, बिघडलेलं घड्याळ. न्हावी म्हणायचा, छतातून बादलीत गळणारं पाणी. एकदा रेडिओवर कुणीतरी खुद्द लंबूला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, “ते घरातलं आहे, घरातच राहू दे.” झालं. त्या एका वाक्यावर पुढची वीस वर्षं गेली. गुरुजींनी अर्थ लावला की घर म्हणजे देह, देहातलं म्हणजे हृदय. लंबूनं स्वतःच्या हृदयाचे ठोके गाण्यात घातले. आता चौथा ठोका उशिरा पडणारं हृदय घेऊन माणूस चाळीस वर्षं गात हिंडेल का, हे विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. गुरुजी डोळे ओले करून सांगायचे ना.

मशीनबाईनं मात्र मंडळातल्या पहिल्याच रविवारी सांगून टाकलं होतं. शिलाई मशीन आहे, पायानं चालवायचं. दोष कुठे आहे तेही सांगितलं. पायडल एकदा खालीवर झालं की मोठं चाक एकदा फिरतं, आणि तेवढ्यात वरचं छोटं चाक चारदा फिरतं, म्हणजे टाके पडतात चार. वरच्या भागात बिघाड असता तर प्रत्येक टाक्याला आवाज आला असता. चाराला एकदा येतोय, म्हणजे दुखणं खाली आहे. पायडलला जोडलेल्या दांड्याचा बुश, म्हणजे आतलं कडं, घासलाय. दहा मिनिटांचं काम.

सगळे पोट धरधरून हसले. न्हावी म्हणाला, बाई, त्या हिशेबानं मला त्यात कात्री ऐकू आली पाहिजे. तेव्हापासून गाणं लागलं की कुणीतरी म्हणायचंच, बुश बदलला का? ती हसण्यावारी न्यायची, पण मनाला लागायचंच. तिच्या कानावर कुणी शंका घेतलेली तिला खपत नाही. तिच्याकडे दुसरं आहे काय, कान सोडून?

लंबू गेल्यावर गुरुजींनी शोकसभा ठरवली, रविवारी संध्याकाळी पाचला, त्याच तिसऱ्या मजल्यावर. एक पत्रक छापायचं, हजार प्रती, शहरभर वाटायचं. त्यात शेवटी वाक्य होतं: जाणाऱ्यानं आपल्या हृदयाचे ठोके आधीच आपल्या हवाली केले होते. वाचताना गुरुजींचा आवाज फुटला, लॅबवाला नाक ओढायला लागला, आणि मशीनबाई म्हणाली, हे खोटं आहे, छापू नका. गुरुजी चिडले नाहीत, तेच वाईट. शांतपणे म्हणाले, शुक्रवारी सकाळी मजकूर छापखान्यात जाणार आहे. तोवर पुरावा आणा, वाक्य काढतो.

लंबू गेलेला, आता विचारायचं कुणाला? आणि एकदा हजार पत्रकं वाटली की ते हृदय कायमचं चिकटणार. मशीनबाईला दोन रात्री झोप नाही. नवरा म्हणाला, मेलेल्या माणसाच्या हृदयाशी कसलं भांडण काढतेस? पण तिसऱ्या दिवशी त्यानंच पेपर आणून तिच्यापुढे टाकला. आत लंबूवर अख्खं पान होतं आणि एक जुना फोटो. लंबू खुर्चीत, मांडीवर गिटार, खाली लिहिलेलं, ‘बहिणीच्या घरी’. सगळ्या शहरानं त्या फोटोत लंबू बघितला. मशीनबाईनं त्याच्या मागचं दार बघितलं. दारातून पलीकडच्या खोलीतला एक लोखंडी पाय दिसत होता, वेलबुट्टीचा, खाली छोटं चाक लावलेला.

ती नुसती ओरडायची बाकी राहिली. पायाची ती नक्षी एकाच जातीच्या मशीनला असते, आणि त्या जातीला लागणारी आखूड सुई आता शहरात एकाच दुकानात मिळते. तिथला दोरेवाला तिच्या ओळखीचा. ही सुई नेणारं आणखी कोण आहे, विचारल्यावर तो म्हणाला, एक तुम्ही आणि एक त्या शाळेचे गणवेश शिवणाऱ्या ताई, पुलापलीकडच्या. बरेच महिने आल्या नाहीत. त्यांचा भाऊ आजारी होता म्हणे.

दोरेवाल्याकडून पत्ता घेऊन गुरुवारी दुपारी मशीनबाईनं वीस वर्षांचा नियम मोडला, घर बहिणीचं असलं म्हणून काय, आणि पुलापलीकडच्या घराची बेल वाजवली. आतून आवाज आला, येते, येते, थांबा. ती थांबली. बऱ्यापैकी थांबली. मग दार उघडलं. सहासष्ट वर्षांची बाई, लंबूसारखीच उंच, गळ्यात शिंप्याची मापाची टेप. मशीनबाई मनात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं विसरली आणि म्हणाली, मी मशीन दुरुस्त करते. बहिणीनं तिच्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “आता आलीस होय? तीस-चाळीस वर्षं उशीर केलास.”

मशीन तिथेच होतं, पलीकडच्या खोलीत, खिडकीला लागून. मशीनबाई त्याच्यापुढे खाली बसली आणि तिनं पायाच्या नक्षीवरून बोट फिरवलं. बहीण सांगत होती. हे मशीन पहिल्यापासून खोडीचं आहे. चालतं, पण लंगडतं. चौथा टाका अडखळतो. ती टकटक ऐकून तिचं डोकं उठायचं. दोनदा तिनं मिस्त्री बोलावला आणि दोन्ही वेळा भावानं त्याला दारातूनच वाटेला लावलं. राहू दे ताई, मला तो आवाज आवडतो, म्हणायचा. नवीन विजेचं मशीन आणून देतो म्हणाला, हे विकायचं म्हणाला नाही, आणि दुरुस्त तर करूच द्यायचं नाही. आठ महिने त्याच्या आजारपणात मशीनला हात लागला नव्हता, आता तर चाकच हलत नव्हतं.

“त्याला आवडायचा, त्याचं झालं ऐकून,” बहीण म्हणाली. “मला अजून शिवायचं आहे. आता तरी हे सरळ चालू दे.”

बघा आता, काय पेच. जगात तो आवाज जिवंत असा एकाच ठिकाणी होता, त्या लोखंडात, आणि तोच मारून टाकायला बहीण तिला सांगत होती. शिवाय तिचा पुरावाही तोच. दुरुस्त केलं की शुक्रवारी गुरुजींना काय ऐकवणार? क्षणभर तिच्या मनात आलं की नुसतं तेल घालावं, चाक मोकळं करावं आणि बुशला हात लावू नये. कुणाला कळणार होतं? पण तिच्या बापानं तिला हे काम शिकवलं होतं आणि गिऱ्हाइकानं सांगितलेला दोष ठेवून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यात पहिलं होतं. तिनं पिशवी उघडली.

आठ महिन्यांचं तेल चिकट होऊन बसलं होतं. तिनं रॉकेलच्या फडक्यानं एक एक भाग पुसला. दांडा सोडवला, बुश काढला. घासला होता का? होता, थोडासा. इतका थोडा की दुसऱ्या कुणाच्या मशीनचा असता तर तिनं पुन्हा बसवला असता. पण तिला तो घासलेलाच हवा होता, म्हणून तिनं मान डोलावली आणि नवा घातला. पायडलवरही नजर गेली. उजव्या बाजूची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली, डावी मात्र कोरी करकरीत. बसायची सवय एकेकाची, असं म्हणून तिनं ते सोडून दिलं. शेजारी एक अर्धवट शिवलेला शर्ट होता, त्याची शिवण तिनं हातात धरून बघितली. लंगड्या मशीनवर इतके सारखे टाके? बहिणीचा हातच चांगला, दुसरं काय. एवढ्या खुणा समोर असून मशीनबाईला दिसलं ते फक्त मशीन. तिची चूकही तिच्याच धंद्याची.

दोरा ओवून ती स्टुलावर बसली आणि पाय चालवले. टक टक टक टक. सरळ, एका मापाचं. चौथा टक आपल्या जागेवर, वेळेवर, इतर तिघांसारखा. काम चोख झालं होतं आणि मशीनबाईला रडू कोसळलं. तिनं कारण सांगितलं नाही. मीही लंबूची चाहती आहे, एवढंच म्हणाली, आणि डोळे पुसायला घेतलेल्या फडक्याचं रॉकेल डोळ्यांत गेलं, मग तर विचारूच नका.

बहीण दारात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, ऊठ, बघू दे. शर्ट घेतला, सुईखाली सरकवला, दोन्ही पाय पायडलवर ठेवले.

टक टक टक, आणि टक.

टक टक टक, आणि टक.

मशीनबाई डोळे चोळायची थांबली. सवयीनं तिनं स्क्रूड्रायव्हर उचलला, कानाला लावला, आणि मग हळूच खाली ठेवला. या वेळी तिनं खाली वाकून बघितलं. उजवा पाय टाचेपासून बोटांपर्यंत पायडल दाबत होता. डावा नुसता सोबत होता. तो घोट्यात वळत नव्हता. दर फेऱ्याला त्याची पाळी आली की तो थोडा उशिरा पोचायचा, आणि मोठं चाक तेवढं त्याच्यासाठी रेंगाळायचं. दोष बुशचा नव्हताच. काहीच बिघडलेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून काहीच बिघडलेलं नव्हतं.

मग लंबूनं दोनदा मिस्त्री दारातून का घालवला, तेही तिला कळलं. आवाज जाईल म्हणून नाही. मिस्त्री मशीन तपासून सांगेल की ताई, याला काही झालेलं नाही, म्हणून.

“अजून आहेच की,” बहीण म्हणाली.

मशीनबाईनं आयुष्यात कुठल्याच मशीनबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. आता तिनं सांगितलं. मशीन जुनं आहे ताई, म्हणाली. काही खोडी जात नाहीत. लंबूनं चाळीस वर्षं सांभाळलेलं ती दहा मिनिटांत कशी मोडणार होती?

बहिणीनं पाय थांबवले. ती शिंपीण होती, खुळी नव्हती.

“तू चालवलंस तेव्हा सरळ चाललं,” ती म्हणाली. “मी ऐकलं.”

मशीनबाई स्क्रूड्रायव्हर पिशवीत ठेवायला लागली.

“म्हणजे मशीन नाही. मी आहे.”

“हो ताई,” मशीनबाई म्हणाली.

बहीण आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिली. मग सांगायला लागली, मशीनबाईला नाही, पायालाच सांगितल्यासारखं. सात वर्षांची असताना ती गच्चीच्या जिन्यावरून पडली होती. हाड तिरकं बसलं. आता चालताना कुणाच्या ध्यानातही येत नाही, पण तेव्हा शाळेत पोरं मागून नक्कल करत यायची. भाऊ दोन वर्षांनी धाकटा. तो दोघांची दप्तरं घेऊन पुढे जायचा, म्हणजे पोरांना वाटावं की हे वेगवेगळे चाललेत, ही मुद्दामच सावकाश येतेय. आणि प्रत्येक कोपऱ्यावर दप्तरं खाली ठेवून उभा राहायचा. ती दिसली की पुन्हा पुढे. लोक म्हणतात त्या गाण्यातली पोरगी कोण, ती म्हणाली. मीही त्याला छेडायचे, कोण रे ती? सांगायचा नाही मेला.

एवढं बोलून तिनं तोंडाला शर्ट लावला. मशीनबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दोघी रडल्या. नंतर बहिणीनं शर्टाची बाही बघितली, आता ही धुवायला आली म्हणाली, आणि डोळे कोरडे व्हायच्या आत पुन्हा पाय चालवायला लागली. टक टक टक, आणि टक. या वेळी ती स्वतःच कान देऊन ऐकत होती. निघताना मशीनबाईनं रविवारच्या सभेचं सांगितलं, आणि त्या हृदयाच्या वाक्याचंही. बहीण पहिल्यांदा मोकळी हसली. म्हणाली, येते मी, बघू तरी कोण ते गुरुजी.

शुक्रवारी सकाळी गुरुजी न्हाव्याच्या दुकानात मजकूर हातात घेऊनच बसले होते. न्हाव्यानं विचारलं, काय बाई, बुश बदलला का? बदलला, मशीनबाई म्हणाली, पण गरज नव्हती, माझा अंदाज चुकला. न्हाव्याचा वस्तरा हातातच राहिला. वीस वर्षांत तिच्या तोंडून हे वाक्य कुणी ऐकलं नव्हतं. गुरुजींनी हळूच विचारलं, म्हणजे वाक्य ठेवू? नको, ती म्हणाली, काढा. तुमचाही चुकला. मग त्याच्या जागी काय घालू? काहीच घालू नका, रविवारी एक ताई येणार आहेत, त्यांना वाटलं तर त्या सांगतील. गुरुजींनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पुरावा मागितला नाही. खिशातून पेन काढून त्यांनी वाक्यावर काट मारली.

“आणखी एक,” मशीनबाई म्हणाली. “सभा वर नको. खाली घ्या, इथे दुकानात. जिना नको.”

न्हाव्यानं आपल्या दोन खुर्च्यांकडे आणि चार फूट मोकळ्या जागेकडे बघितलं आणि मान डोलावली. गुरुजी म्हणाले, बरं, पण वेळ पाचची छापतोय, पाचला सुरू करायचं ना?

“त्या पुलापलीकडून चालत येणार आहेत,” ती म्हणाली. “पाचला सगळे जमू. त्या येईपर्यंत थांबू.”